प्लेअर बदलण्याआधी फाइलचा कोडेक बघा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, अभ्यासिकेत जागेवर चार्जिंग पॉइंट नाही. लॅपटॉप २०१८ सालचा, इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर, विंडोज ११. लेक्चर्स डाउनलोड करून व्हीएलसीवर बघता. काही लेक्चर्स लावली की बॅटरी चार-साडेचार तास जाते आणि काही लावली की सव्वादोन तासांतच लॅपटॉप बंद. मित्र म्हणतो व्हीएलसी काढून टाक, ते बॅटरी खातं. तर बॅटरीसाठी कोणता प्लेअर घ्यावा?

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. लॅपटॉप तोच, प्लेअर तोच, ब्राइटनेसही तोच, तरी एका लेक्चरला दुप्पट बॅटरी लागते. म्हणजे फरक फाइलमध्ये आहे. प्लेअरचा वाटा आहे, पण तो दुसऱ्या नंबरचा. लॅपटॉप सेटअप करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि हा प्रश्न आला की मी प्लेअरचं नाव सांगायच्या आधी फाइलची माहिती मागतो.

व्हिडिओची फाइल दाबून लहान केलेली असते, आणि ज्या पद्धतीने ती दाबली त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. ती बघताना प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते, यालाच डिकोडिंग म्हणतात. हे काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, प्रोसेसरच्या कोअर्सवर, म्हणजे सॉफ्टवेअर डिकोडिंग. दोन, चिपमधल्या ग्राफिक्सच्या भागात खास याच कामासाठी बसवलेल्या सर्किटमध्ये, म्हणजे हार्डवेअर डिकोडिंग. इंटेलने हे सर्किट क्विक सिंक या नावाने २०११पासून प्रोसेसरमध्ये द्यायला सुरुवात केली, एएमडी आणि एनव्हिडियाचीही आपापली आहेत. हे सर्किट दुसरं काहीच करू शकत नाही, म्हणून ते अगदी कमी विजेत काम उरकतं. तेच काम कोअर्सवर पडलं की चारही कोअर सतत जागे राहतात, पंखा फिरायला लागतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

मेख अशी आहे की हे सर्किट कारखान्यातच पक्कं केलेलं असतं. चिप बनली तेव्हा जे कोडेक त्यात घातले, तेवढेच ते उलगडतं. नंतर कितीही अपडेट केले तरी त्यात नवीन कोडेकची भर पडत नाही. तुमच्या ८व्या पिढीच्या इंटेल चिपचा हिशेब असा: एच.२६४ चालतो (हा २००३चा कोडेक, आज वापरात असलेल्या जवळपास सगळ्या लॅपटॉपना येतो). एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, ८ बिट आणि १० बिट दोन्ही चालतो (बिट म्हणजे रंगांच्या छटा किती बारीक साठवल्यात, १० बिटमध्ये त्या जास्त). यूट्यूबचा व्हीपी९ चालतो. २०१८मध्ये आलेला एव्ही१ मात्र चालत नाही. इंटेलमध्ये एव्ही१ ११व्या पिढीपासून, २०२०च्या टायगर लेक चिप्सपासून आला. तुमच्यापेक्षा जुना, ६व्या पिढीचा लॅपटॉप असेल तर त्यावर एचईव्हीसी ८ बिटपर्यंतच नीट चालतो, १० बिटची पूर्ण सोय ७व्या पिढीत झाली. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये एव्ही१ रायझन ६००० मालिकेपासून मिळतो. ॲपलच्या एम१ आणि एम२मध्ये तो नाही, एम३पासून आहे.

एक अपवाद लक्षात असू द्या. एच.२६४ असूनही १० बिटमध्ये बनवलेल्या काही फाइली असतात, जपानी ॲनिमेशन बघणाऱ्यांना त्या हमखास भेटतात. तुमच्या चिपचं सर्किट त्या घेत नाही. नाव एच.२६४ असलं तरी सगळा भार कोअर्सवर येतो.

आता तुमची फाइल तपासा. व्हीएलसीत लेक्चर चालू असताना कंट्रोल आणि जे एकत्र दाबा. कोडेक इन्फर्मेशनची खिडकी उघडेल. त्यात व्हिडिओच्या खाली एव्हीसी१ किंवा एच२६४ दिसलं तर एच.२६४, एचईव्हीसी दिसलं तर एच.२६५ आणि एव्ही१ किंवा एव्ही०१ दिसलं तर तोच आपला आरोपी. त्याच खिडकीत रिझोल्यूशन आणि फ्रेम रेटही असतो, तो टिपून ठेवा. तुम्ही लिहिलंय की लवकर बॅटरी संपवणारी लेक्चर्स १०८०पी, ६० फ्रेमची आहेत आणि आकाराने मात्र लहान आहेत. फ्रेम जास्त आणि फाइल लहान, हे एव्ही१चं लक्षण आहे. पण खिडकीत बघून खात्री करा, अंदाजावर जाऊ नका.

मग खरी परीक्षा. लेक्चर चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या भागावर, क्लिक करा. तिथे थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ डिकोड असे छोटे आलेख दिसतात. हवा तो आलेख दिसत नसेल तर आलेखाच्या नावावर क्लिक करून यादीतून निवडता येतो. व्हिडिओ डिकोडची रेघ वर-खाली हलत असेल आणि सीपीयू पाच-दहा टक्क्यांच्या आत असेल, तर काम सर्किटवर चाललंय. डिकोडची रेघ तळाला सपाट पडून आहे आणि सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांवर आहे, तर भार कोअर्सवर आहे. प्रोसेसेसच्या यादीत जीपीयू इंजिन नावाचा कॉलम लावून घेतलात, तर नेमका कोणता प्रोग्रॅम डिकोड वापरतोय तेही नावानिशी दिसतं. दोन्ही प्रकारची लेक्चर्स एकामागून एक लावून हे बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

वॅटचा हिशेब इथेच मांडतो. तुम्ही पाठवलेल्या बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी ४२ वॅट-अवर आणि आताची फुल चार्ज कपॅसिटी २७ वॅट-अवर आहे. लॅपटॉप ६ वॅट ओढत असेल तर २७ भागिले ६, म्हणजे साडेचार तास. १२ वॅट ओढत असेल तर सव्वादोन तास. तुमचे दोन्ही अनुभव यात तंतोतंत बसतात. या वर्गातल्या लॅपटॉपचा स्क्रीन आणि बाकीचं साहित्य मिळून नुसतं चालू राहायलाच ढोबळमानाने चार-पाच वॅट घेतं, हार्डवेअर डिकोडिंग त्यावर एखाद-दीड वॅटची भर घालतं, आणि ६० फ्रेमचा एव्ही१ कोअर्सवर चालला की ती भर पाच-सात वॅटवर जाते. नेमका आकडा हवा असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्रॅम घ्या. त्याच्या सेन्सर्सच्या यादीत बॅटरीखाली चार्ज रेट असतो, चार्जर काढल्यावर तो वजा आकड्यात वॅट दाखवतो. टक्क्यांवर विसंबू नका, बॅटरीचा टक्का एकसारखा उतरत नाही. ब्राइटनेस तोच ठेवायचा, फाइल तीच, लेक्चरचा भाग तोच, आणि दहा-पंधरा मिनिटं आकडा स्थिर होऊ द्यायचा.

आता प्लेअरकडे वळू.

व्हीएलसी बॅटरी खातं, ही समजूत जुन्या आवृत्त्यांमुळे पसरलेली आहे. २०१८च्या फेब्रुवारीत ३.० आवृत्ती आली, तेव्हापासून त्यात हार्डवेअर डिकोडिंग मुळातच चालू असतं. तरी तपासा: टूल्स, प्रेफरन्सेस, मग इनपुट/कोडेक्स. तिथे हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंगसमोर ऑटोमॅटिक किंवा डायरेक्टथ्रीडी ११ असायला हवं. कुणीतरी कधीतरी चित्र अडकतं म्हणून ते डिसेबल केलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं तसंच राहतं, असे लॅपटॉप माझ्याकडे नेहमी येतात. त्याच प्रेफरन्सेसमध्ये व्हिडिओच्या पानावर आउटपुटही ऑटोमॅटिक किंवा डायरेक्टथ्रीडी ११ ठेवा. डिकोडिंग एका पद्धतीने आणि आउटपुट दुसऱ्या पद्धतीने असलं, की उलगडलेली प्रत्येक फ्रेम ग्राफिक्सकडून मेमरीत आणून परत ग्राफिक्सकडे पाठवावी लागते. १०८०पीची एक फ्रेम साधारण ३ एमबीची असते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास १८० एमबीची नुसती ने-आण. सर्किटने वाचवलेल्या विजेतली काही तिथे जाते. इफेक्ट्स आणि फिल्टर्समध्ये शार्पन, पोस्ट-प्रोसेसिंग असलं काही चालू असेल तर बंद करा.

विंडोज ११मधला स्वतःचा मीडिया प्लेअर बॅटरीच्या बाबतीत बहुतेक वेळा सगळ्यांत काटकसरी निघतो. तो विंडोजची स्वतःची व्हिडिओ व्यवस्था वापरतो, आणि फुल स्क्रीनवर शक्य तिथे चित्र थेट डिस्प्लेच्या स्वतंत्र थरावर टाकतो. त्यामुळे प्रत्येक फ्रेम बाकीच्या डेस्कटॉपमध्ये मिसळून पुन्हा रंगवायचं काम वाचतं. म्हणून त्यावर बघताना फुल स्क्रीनच ठेवा, अर्ध्या खिडकीत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, व्हिडिओ प्लेबॅक इथे बॅटरीवर असताना बॅटरी लाइफला प्राधान्य द्यायचा पर्याय आहे. व्हिडिओ आपोआप सुधारून दाखवण्याचा जो पर्याय आहे तो बंद ठेवा, तो जास्त वीज घेतो. ही सेटिंग्ज विंडोजची व्यवस्था वापरणाऱ्या ॲप्सनाच लागू होतात, व्हीएलसीला त्यांचा काही फरक पडत नाही. मीडिया प्लेअरची अडचण एवढीच, की एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एक्स्टेन्शन लागतं. बऱ्याच लॅपटॉपवर ते कंपनीनेच टाकलेलं असतं, नसेल तर थोडे पैसे पडतात.

मी स्वतः बॅटरीवर एमपीव्ही वापरतो, पण तुम्हाला तो लगेच सुचवणार नाही. त्यात हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असतं, कारण बनवणाऱ्यांनी बिनचूक चित्राला पहिला मान दिलाय. कंट्रोल आणि एच दाबलं की ते चालू होतं, आय दाबलं की वर सगळी माहिती येते, हार्डवेअर वापरात आहे की नाही तेही. कायमचं चालू ठेवायला मात्र कॉन्फिग फाइलमध्ये ओळ लिहावी लागते, आणि चित्र लहान-मोठं करण्याच्या भारी पद्धती टाळायला फास्ट नावाची प्रोफाइल लावावी लागते. हे करायची तयारी असेल तर खूप चांगला प्लेअर आहे. एमपीव्ही नुसता टाकून आधीपेक्षा बॅटरी लवकर संपते अशी तक्रार करणारे भेटतात, त्यांनी बहुतेक वेळा हे केलेलं नसतं.

मीडिया प्लेअर क्लासिक होम सिनेमाचं मूळ काम २०१७मध्ये थांबलं, पण नंतर इतरांनी ते पुढे चालू ठेवलं आणि आजची आवृत्ती हलकी, नेटकी आहे. आतल्या व्हिडिओ डिकोडरच्या सेटिंगमध्ये डी३डी११ निवडा. मॅडव्हीआर हा रेंडरर (उलगडलेलं चित्र पडद्यावर रंगवणारा जोड-प्रोग्रॅम) मात्र बॅटरीवर लावू नका. तो उत्तम चित्रासाठी ग्राफिक्सला भरपूर राबवतो, त्याची जागा घरी चार्जर लावून मोठ्या पडद्यावर बघताना.

यातला कोणताही प्लेअर तुमच्या एव्ही१ लेक्चर्सचं दुखणं मुळापासून बरं करणार नाही, कारण चिपमध्ये सर्किटच नाही. व्हीएलसी एव्ही१साठी डेव्हिड नावाचा डिकोडर वापरतं. तो व्हीएलसीवाल्यांच्याच व्हिडिओलॅन प्रकल्पातून आलाय आणि सॉफ्टवेअर डिकोडर म्हणून फार वेगवान आहे. त्याच्यापेक्षा बरा प्लेअर शोधण्यात वेळ घालवू नका.

उपाय फाइलवर करायचा. जिथून डाउनलोड करता तिथे एच.२६४ची किंवा ७२०पीची आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. फळ्यावरचं अक्षर ७२०पीमध्ये १४-१५ इंची स्क्रीनवर नीट वाचता येतं, आणि शिकवणाऱ्या माणसाला ६० फ्रेम कशाला हव्यात, ३०सुद्धा भरपूर आहेत. आवृत्ती मिळत नसेल तर रात्री चार्जर लावून हँडब्रेक या फुकट प्रोग्रॅमने फाइल बदला. त्यात फास्ट ७२०पी३० नावाचा प्रीसेट आहे, तो एच.२६४मध्येच फाइल देतो. व्हिडिओच्या टॅबमध्ये एन्कोडर म्हणून इंटेल क्यूएसव्हीचा एच.२६४ निवडलात तर चिपचं तेच सर्किट वापरलं जातं आणि काम लवकर होतं. रांगेत सगळी लेक्चर्स लावून झोपायचं. फाइल थोडी मोठी होईल, पण तुम्हाला टंचाई विजेची आहे, जागेची नाही.

लेक्चर दीडपट वेगाने बघितलं तर बॅटरी जास्त जाते का, हाही तुमचा प्रश्न होता. तासाला थोडी जास्त जाते, पण प्रत्येक लेक्चरमागे कमी जाते. एक तासाचं लेक्चर ४० मिनिटांत संपतं. फ्रेम उलगडायच्या त्या तेवढ्याच, पण स्क्रीनने आणि बाकीच्या यंत्राने २० मिनिटं कमी वीज घेतली. हार्डवेअर डिकोडिंगवर डिकोडिंगचा खर्च मुळातच छोटा आणि स्क्रीनचा मोठा, म्हणून तिथे हा फायदा चांगलाच जाणवतो. समजत असेल तर बिनधास्त दीडपटीने बघा. आणि उजळणी नुसती ऐकायची असेल तर व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत व्हिडिओ ट्रॅक डिसेबल करा आणि ब्राइटनेस तळाला न्या. चित्राचं डिकोडिंगच थांबतं, एव्ही१ असला तरी.

ब्राइटनेस हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय आहे. अभ्यासिकेतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात चाळीस टक्के पुरतो. तुमचा स्क्रीन साधा एलसीडी आहे, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीने काही वाचत नाही. तो फायदा ओएलईडी स्क्रीनवाल्यांना. लेक्चर्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतील तर त्या दिवसाची तेवढी लॅपटॉपच्या एसएसडीवर कॉपी करून न्या, फिरणारी डिस्क यूएसबीतून वॅट-दोन वॅट सहज ओढते. लॅपटॉपमध्ये एमएक्स१५०सारखं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते व्हिडिओसाठी जागं होता कामा नये. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे प्लेअरचं नाव जोडून पॉवर सेव्हिंग निवडा.

यूट्यूबवर बघत असाल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. कोडेक्सच्या ओळीत व्हीपी०९ किंवा एव्हीसी१ असेल तर तुमचं सर्किट कामावर आहे, एव्ही०१ असेल तर नाही. ब्राउझरमध्ये एच.२६४ मागून घेणारी एक्स्टेन्शन्स मिळतात, तुमच्या वर्षाच्या लॅपटॉपवर त्यांचा खरोखर उपयोग होतो. यूट्यूब एच.२६४ फक्त १०८०पीपर्यंत देतं, तुम्हाला तेवढं पुरे. क्लासच्या ॲपमधली लेक्चर्स मात्र त्या ॲपमध्येच चालतात, प्लेअर निवडायला वावच नसतो. तिथे क्वालिटी एक पायरी खाली आणणं आणि टास्क मॅनेजरमध्ये तपासणं एवढंच हातात आहे. फरक पडला तर आकडा लगेच बोलेल.

विंडोजऐवजी उबुंटू किंवा फेडोरा ही लिनक्स वापरणाऱ्या मित्रांसाठी दोन शब्द. तिथे हीच व्यवस्था व्हीए-एपीआय नावाने चालते. व्हीएइन्फो ही आज्ञा दिली की चिप काय काय उलगडू शकते त्याची यादी येते, आणि पॉवरटॉप किती वॅट जातायत ते दाखवतं. फेडोराने २०२२मध्ये पेटंटच्या कारणाने मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४ आणि एच.२६५चं हार्डवेअर डिकोडिंग काढलं, त्यामुळे एएमडी ग्राफिक्स असेल तर आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरच्या सॉफ्टवेअर-साठ्यातून फ्रीवर्ल्ड नावाचं पॅकेज टाकावं लागतं. मॅकवर क्विकटाइम जे उघडू शकतं ते क्विकटाइममध्येच बघा, बाकीच्यासाठी आयआयएनए हा प्लेअर.

बॅटरीबद्दल एक स्पष्टच सांगतो. ४२ची २७ झालेली आहे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त क्षमता गेली. वरचं सगळं नीट केलंत तर सगळ्या लेक्चर्सना साडेचार तासांच्या आसपास मिळतील, त्यापलीकडे प्लेअर काही देऊ शकत नाही. सात तास हवे असतील तर नवीन बॅटरी लागेल. घ्याल ती शक्यतो मूळ कंपनीची घ्या आणि बसवल्यावर पुन्हा विंडोजच्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट काढून फुल चार्ज कपॅसिटी बघा. स्वस्तातल्या बॅटरीवर छापलेला आकडा आणि रिपोर्टमधला आकडा यांत बरंच अंतर असू शकतं.

आणि साध्या एच.२६४ लेक्चरलाही व्हिडिओ डिकोडची रेघ हललीच नाही, तर प्लेअरच्या सेटिंगशी खेळत बसू नका. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली काय लिहिलंय ते बघा. इंटेल यूएचडी ग्राफिक्स ६२० असायला हवं. विंडोज नव्याने टाकल्यावर कधी कधी तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर एवढंच राहतं, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हरच नाही आणि डिकोडिंगच्या सर्किटपर्यंत कोणताच प्लेअर पोचू शकत नाही. विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि तेच लेक्चर लावून पुन्हा बघा.